घरात भाजी नसताना जेवण कशावर होतं? राधानगरी वसवणाऱ्या शाहू महाराजांनी अख्ख्या संस्थानासाठी हाच प्रश्न सोडवला होता

जुलै महिना आहे. राधानगरीत पाऊस लागलाय. छत्री उघडून बाजारात जायचं तर रस्त्यात गुडघाभर पाणी. भाजी मिळाली तरी ओली, निम्मी सडलेली, आणि भाव ऐकून परत फिरावं अशी. दुपारचे बारा वाजलेत. घरात ताजं म्हणून काय आहे, तर चार कांदे आणि लसणाची एक गड्डी.

तरी जेवण अडत नाही.

डब्यातून कुळथाचं पीठ निघतं. ते पाण्यात कालवायचं, लसूण-मिरचीच्या फोडणीत सोडायचं, दोन आमसुलं टाकायची. दहा मिनिटांत पिठलं तयार. सोबत नाचणीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. फ्रीझरमध्ये मटारची पिशवी असेल तर मूठभर मटार भातात. झालं जेवण.

आणि हे जेवण पोट भरण्यापुरतं नाही. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. 100 ग्रॅम कुळथात वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. वर लिंबू पिळलं तर धान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. फ्रीझरमधले मटार काढल्या काढल्या गोठवलेले असतात, त्यामुळं त्यातला कस बऱ्यापैकी टिकून राहतो. फक्त पापड, लोणचं जपून घ्यायचं, कारण साठवणीच्या पदार्थांत मीठ फार.

या सगळ्याला आपल्याकडं एक जुना शब्द आहे. बेगमी. उन्हाळ्यात धान्य वाळवायचं, सांडगे-पापड घालायचे, डाळी भरून ठेवायच्या, आणि पावसाळ्यात त्यातून रोजचं ताट उभं करायचं.

पण यात एक गोम आहे. बारा वाजता सुचलेलं जेवण हे चार महिने आधी भरलेल्या डब्यातून येतं. डबाच रिकामा असेल तर कितीही सुगरण असली तरी ती काय शिजवणार?

हाच प्रश्न 1896 साली एका 22 वर्षांच्या राजापुढं उभा राहिला होता. फरक एवढाच, की त्याच्यापुढं एक घर नव्हतं, अख्खं कोल्हापूर संस्थान होतं. तो राजा म्हणजे राजर्षी शाहू महाराज. आरक्षणाचे जनक, शिक्षण सक्तीचं करणारे राजे म्हणून आपण त्यांना ओळखतो. आज जरा स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्याकडं बघूया.

कागलचा यशवंत कोल्हापूरचा राजा झाला

26 जून 1874 ला कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. वडील जयसिंगराव उर्फ आबासाहेब, आई राधाबाई. ते दोन वर्षांचे असताना दख्खनमध्ये 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ पडला. त्याच काळात, ते जेमतेम तीन वर्षांचे असताना, आई गेली.

17 मार्च 1884 ला कोल्हापूरच्या राणी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतलं आणि यशवंतरावांचे शाहू छत्रपती झाले. दोन वर्षांत वडीलही गेले. शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला झालं. 1891 साली बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं. 2 एप्रिल 1894 ला, वयाच्या विसाव्या वर्षी, कारभार हातात आला.

पुढच्याच वर्षी त्यांनी कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. इथली गुळाची बाजारपेठ पुढं देशभर गाजली. आणि त्याच्या पुढच्या वर्षी दुष्काळ आला.

डबे रिकामे झाले तेव्हा

कोल्हापूर संस्थानाचा नकाशा समजून घ्या. पश्चिमेला सह्याद्री. तिथं राधानगरी, गगनबावडा भागात पाऊस कोसळतो. पूर्वेला शिरोळकडं जावं तसा पाऊस कमी कमी होत जातो. एकाच राजाच्या राज्यात एकीकडं पाण्यानं वाट बंद, तर दुसरीकडं प्यायला पाणी नाही.

1896-97 ला पावसानं दगा दिला. धान्य महागलं. अशा वेळी नेहमी होतं तेच झालं. ज्यांच्या कोठारात माल होता त्यांनी भाव चढायची वाट बघितली आणि ज्यांच्या घरात दाणा नव्हता त्यांनी गाव सोडायची तयारी केली.

महाराजांनी इथं काय केलं ते बघण्यासारखं आहे. दुष्काळी भागात ते स्वतः फिरले. संस्थानातर्फे स्वस्त धान्याची दुकानं उघडली. बाहेरून धान्य आणलं. रस्ते, विहिरी, तलाव अशी कामं काढली, म्हणजे हातात मजुरी पडेल आणि माणसाला धान्य विकत घेता येईल. ज्यांना काम करणंच शक्य नव्हतं अशा निराधारांच्या जेवणाची सोय केली. जनावरांसाठी चारा आणि चराईची सोय केली, कारण बैल मेला तर पुढच्या वर्षीची पेरणी मेली.

आणि एक गोष्ट तर आजही चकित करते. दुष्काळी कामांवर येणाऱ्या बायकांच्या लहान मुलांना सांभाळायची आणि खाऊ घालायची सोय केली. म्हणजे पाळणाघर. सव्वाशे वर्षांपूर्वी!

यातून सावरेपर्यंत प्लेगची साथ आली आणि 1899-1900 ला पुन्हा दुष्काळ पडला. पाच वर्षांत एवढं बघितल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली होती. दुकानं उघडून एक वर्ष निभावतं. पण दर वेळी डबा रिकामा झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो भरलेला राहील अशी व्यवस्था पाहिजे. धान्याची बेगमी करायची तर आधी पाण्याची बेगमी करायला पाहिजे.

पाण्याची बेगमी म्हणजे राधानगरी

1902 साली महाराजांनी संस्थानाचं पाटबंधारे धोरण आणलं. गावोगावच्या विहिरी, तलाव यांची पाहणी झाली. जुने दुरुस्त करायचे, नवे बांधायचे, असं काम सुरू झालं.

पण मोठा विचार वेगळाच होता. सह्याद्रीत पडणारं पाणी चार महिन्यांत वाहून जातं आणि उन्हाळ्यात त्याच नद्यांचं पात्र उघडं पडतं. हे पाणी डोंगरातच अडवून ठेवलं तर?

त्यासाठी जागा निवडली ती भोगावती नदीवर, कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर, कोकणात फोंडा घाटाकडं जाणाऱ्या रस्त्याला. 1907 साली योजना ठरली. 1909 साली बांधकाम सुरू झालं. धरणाला महाराजांनी पत्नीचं नाव दिलं, महाराणी लक्ष्मीबाई तलाव. आणि शेजारच्या पेठेला राजकन्या राधाबाई अक्कासाहेब यांच्या नावावरून राधानगरी म्हटलं जाऊ लागलं.

आजच्या हिशोबानं विचार करा. एका संस्थानानं, स्वतःच्या पैशांवर, डोंगरदऱ्यात एवढं मोठं धरण हाती घेतलं होतं. 1918 पर्यंत भिंत काही उंचीपर्यंत आली, पाणी साठायला लागलं. मग काम रखडलं. महाराजांच्या हयातीत ते पूर्ण झालं नाही. स्वातंत्र्यानंतर, 1950 च्या दशकात ते पुरं झालं.

आज या धरणात 8.36 टीएमसी पाणी मावतं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला गेलं की पाण्याच्याच दाबानं ते उघडतात. दर पावसाळ्यात राधानगरीचा दरवाजा उघडला अशी बातमी येते आणि पंचगंगेकाठचं कोल्हापूर कान टवकारतं, ती हीच भिंत. उन्हाळ्यात हेच पाणी भोगावतीतून खाली येतं, नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडतं आणि शेतात जातं.

याची दुसरी बाजूही आहे. पाणी आलं तसा ऊस वाढला. घरात पैसा आला, पण रोजच्या ताटातली नाचणी मागं पडली. आज तीच नाचणी शहरात चकचकीत पाकिटातून महाग विकत घेतली जाते.

डबा भरला, पण पंगतीला कोण?

इथपर्यंत गोष्ट धान्याची आणि पाण्याची होती. पण आपल्याकडं जेवणाचा प्रश्न तिथं संपत नाही. अन्न आहे, पण ते कुणाच्या हातचं, कुणाच्या शेजारी बसून, कुणाच्या भांड्यातलं?

खेड्यातला शेतकऱ्याचा पोरगा कोल्हापुरात शिकायला आला तर त्याची पहिली अडचण पुस्तकांची नसायची, जेवणाची असायची. ब्राह्मण विद्यार्थी वार लावून, म्हणजे रोज एका घरी जेवून, शिकायचे. बाकीच्यांना तीही सोय नव्हती. महाराजांनी आधी सगळ्यांना मिळून एक वसतिगृह करून बघितलं, पण तिथं बहुजनांची मुलं टिकेनात. मग त्यांनी वेगळा रस्ता धरला. प्रत्येक समाजाला जागा, पैसा देऊन स्वतःचं बोर्डिंग काढायला लावलं. 1901 ला मराठा बोर्डिंग सुरू झालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. मग मुस्लिम, लिंगायत अशी एकेक वाढत गेली. 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. राहायची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय झाली तेव्हा कुठं शाळेचा दरवाजा खऱ्या अर्थानं उघडला.

मग गंगाराम कांबळेंची गोष्ट. ते महाराजांच्या पागेत कामाला होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून तिथल्याच लोकांनी त्यांना बेदम मारलं. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी कोल्हापुरात भर रस्त्यावर चहाचं हॉटेल टाकलं, नाव सत्यसुधारक. हॉटेल नीटनेटकं, चहा चांगला, पण गिऱ्हाईक फिरकेना. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार?

त्यावर महाराजांनी फर्मान काढलं नाही. फिरायला निघाले की गाडी गंगारामांच्या हॉटेलापुढं थांबवायची आणि चहा मागवायचा, एवढंच सुरू केलं. गाडीत बसलेल्या मानकऱ्यांनाही तो प्यावा लागायचा. राजाच पितोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

बोर्डिंगमधला एक पोरगा

जैन बोर्डिंगमध्ये राहणारा कुंभोजचा एक मुलगा होता, भाऊराव पाटील. मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर त्यानं आंघोळ करायला नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं, असं सांगितलं जातं. हेच पुढचे कर्मवीर भाऊराव. 1919 ला त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. त्याला नाव दिलं शाहू महाराजांचं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, स्वयंपाकात हात लावायची आणि एकाच पंगतीला बसायची.

ते बोर्डिंग चालवताना एक वेळ अशी आली की कोठीतलं धान्य संपलं. भाऊराव गावी नव्हते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आधीच मोडले होते. उरलं होतं मंगळसूत्र. त्यांनी ते काढून दिलं आणि मुलांच्या जेवणाची सोय केली.

तोवर शाहू महाराज हयात नव्हते. 6 मे 1922 ला मुंबईत त्यांचं निधन झालं. वय 48 सुद्धा पुरं नव्हतं. धरण अर्धवट, पण बोर्डिंगं चालू होती.

आता परत त्या जुलैतल्या स्वयंपाकघरात येऊया. तुमच्या घरी कुळीथ, नाचणी, दोन डाळी, शेंगदाणे आणि फ्रीझरमध्ये मटार असतील तर आठवडाभर बाजारात गेला नाहीत तरी चालेल. रात्री मूठभर मटकी भिजत घातली तर परवा मोडाची उसळ मिळेल. आणि पिठलं दोन माणसांपुरतं होत असेल तर त्यात पाणी आणि चमचाभर पीठ वाढवून तिसऱ्यालाही बसवता येतं. ताट वाढायच्या आधी शेजारी कुणी पावसात अडकलंय का, एवढं तेवढं बघा.