आधी शिकवलं, मग विकलं! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराला गिऱ्हाईक असं मिळवलं

मीरा रोड किंवा भाईंदरवरून सकाळची चर्चगेट लोकल पकडा. डब्यात दहा जण मोबाईलमध्ये डोकं घालून असतील, तर त्यातल्या दोघा-तिघांच्या स्क्रीनवर कोणता तरी कोच बोलत असतो. पहाटे पाचला उठा, कामांची यादी करा, वेळ वाचवा. बघणाऱ्यांपैकी एखाद्याच्या डोक्यात हेही चाललेलं असतं की नोकरी सांभाळून आपणही प्रॉडक्टिव्हिटी कोच व्हावं, प्रोफाइल बनवावं, रील टाकावेत.

पण मग खरी अडचण सुरू होते. रील टाकून होतात, लाईकही येतात, पण पैसे देणारा क्लायंट काही येत नाही.

हीच अडचण सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसासमोर होती. त्याच्याकडे माणसाचे कष्ट वाचवणारी वस्तू होती, पण ती घ्यायला कुणी तयार नव्हतं. त्या माणसाचं नाव लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा. गाव गुर्लहोसूर, तेव्हाचा बेळगाव जिल्हा. वडील वेदांताचे अभ्यासक, पोराचं मन मात्र शाळेत रमत नव्हतं. त्याला दोनच गोष्टींचा नाद, चित्रं आणि यंत्रं. 1885 मध्ये ते मुंबईला आले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षांनी कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथंच संपलं.

पण गडी रडत बसला नाही. रंग नसलेलं चित्र, म्हणजे यंत्राचं ड्रॉइंग, त्यांना छान जमत होतं. त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षकाची नोकरी लागली. तिथल्या वर्कशॉपमध्ये ते यंत्रं खोलायला आणि जोडायला शिकले.

याच काळात त्यांनी मुंबईच्या रस्त्यावर सायकल पाहिली. तेव्हा सायकल ही आजच्या महागड्या गाडीसारखी चैनीची गोष्ट होती. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली नाही. मुंबईतून सायकली बेळगावला पाठवायच्या आणि तिकडे त्यांचे भाऊ रामूअण्णा त्या विकणार, असा जोडधंदा सुरू झाला. साल होतं 1888. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात याच वर्षापासून मोजतो.

आता गंमत बघा. बेळगावात सायकल विकायची तर अडचण फक्त किमतीची नव्हती. लोकांना ती चालवताच येत नव्हती. ज्याला तोल सांभाळता येत नाही, तो कशाला विकत घेईल? म्हणून किर्लोस्कर बंधूंनी सायकल चालवायला शिकवणं हेच काम केलं. फी होती 15 रुपये. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. शिकवण्याचे पैसे वेगळे मिळत आणि शिकलेला माणूस उद्याचं गिऱ्हाईक होई.

आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी आधी कोचिंग विकलं, मग वस्तू.

पुढं मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली. ती लक्ष्मणरावांना न मिळता एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. हा अपमान त्यांनी गिळला नाही. राजीनामा दिला आणि सरळ बेळगाव गाठलं. पण रागाच्या भरात घेतलेल्या या निर्णयाला आधार होता, कारण तिथलं दुकान आधीपासून चालू होतं.

सायकलच्या दुकानातून लक्ष्मणराव शेतीच्या अवजारांकडे वळले. आजूबाजूला शेतकरी होते, त्यांचे कष्ट डोळ्यांसमोर होते. आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं. मग 1903 मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगरापेक्षा हा नांगर जमीन खोल उलटी करायचा. कमी वेळात जास्त काम, म्हणजे ज्याला आपण आज प्रॉडक्टिव्हिटी म्हणतो तीच ही गोष्ट.

पण नांगर खपेना. लोखंडामुळे जमिनीत विष पसरतं आणि शेत नापीक होतं, अशी समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली असं सांगितलं जातं.

शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण त्याच्या बाजूनं विचार करा. वर्षाचं सगळं पोट एका हंगामावर. नवीन वस्तू फसली तर नुकसान विकणाऱ्याचं नाही, त्याचं होणार. त्यामुळं त्याचा संशय म्हणजे त्याचा हिशोब होता. असा संशय जाहिरातीनं जात नाही. शेजारच्या शेतात नांगर चालतोय, पीक उभं राहतंय, हे डोळ्यानं दिसावं लागतं. लक्ष्मणरावांनी चिकाटी धरली, माल सुधारत नेला आणि हळूहळू मागणी येऊ लागली.

धंदा रांगेला लागतोय तोवर दुसरं संकट आलं. बेळगाव नगरपालिकेला त्यांची जागा हवी होती. कारखाना हलवा असा हुकूम निघाला. लक्ष्मणराव तेव्हा औंध संस्थानात एक बांधकाम करत होते. त्यांचं काम बघून औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मदतीचा हात दिला. कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन आणि 10,000 रुपये बिनव्याजी कर्ज.

जमीन म्हणजे नुसता माळ. निवडुंग आणि साप. तिथं 10 मार्च 1910 रोजी किर्लोस्करवाडी उभी राहायला सुरुवात झाली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रखवालीचं काम दिलं गेलं, वसाहतीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. ओसाड माळावर नांगर, चरक आणि पंप बनू लागले. पुढं स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं.

यानंतर आलं ते पाऊल, ज्याला आजची पोरं कंटेंट मार्केटिंग म्हणतात. जानेवारी 1920 मध्ये किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक निघालं. ते चालवणारे होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, जे चित्रकला शिकून कारखान्यात आले होते. सुरुवातीला त्यात कारखान्याच्या आणि मालाच्या बातम्या असत. पण फक्त आपलंच कौतुक कोण किती दिवस वाचणार? म्हणून त्यात उद्योग, विज्ञान, समाजसुधारणा आणि कथा येत गेल्या. काही वर्षांत 'खबर' हा शब्द गळाला आणि 'किर्लोस्कर' हे महाराष्ट्रातल्या नावाजलेल्या मासिकांपैकी एक झालं. त्यापाठोपाठ 1930 मध्ये 'स्त्री' आणि 1934 मध्ये 'मनोहर' निघालं. ज्या घरात नांगर नव्हता, त्या घरातही किर्लोस्कर हे नाव पोहोचलं.

आता सालं जुळवून बघा. नांगर 1903 चा, मासिक 1920 चं. मध्ये 17 वर्षं आहेत. लोकांसमोर बोलायला माध्यम मिळालं तेव्हा दाखवायला शेतात चाललेले नांगर होते, वापरणारे शेतकरी होते.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. तोवर पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना उभा राहिला होता. 1969 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

आज कुणाला कोच म्हणून नाव कमवायचं असेल, तर माध्यमाची वाट बघायला लागत नाही, ते खिशातच आहे. उलट तोच धोका आहे. बोलायची सोय आधी आली आणि दाखवायचं काम मागे राहिलं. म्हणून पुढचा रील टाकण्याआधी एक काम करा. ओळखीतल्या एखाद्या दुकानदाराला, एखाद्या विद्यार्थ्याला सोबत घ्या आणि त्याचा दिवसातला एक तास खरोखर वाचवून दाखवा. तो तास वाचला की त्याची गोष्ट तो स्वतःच शेजाऱ्याला सांगेल.