पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर आणि रोजगार हमीचे जनक वि. स. पागे

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्यांच्या सॅलरी स्लिपवर एक छोटी वजावट असते, व्यवसाय कर. दर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. रक्कम इतकी किरकोळ की तिच्याकडे फारसं कुणी बघतही नाही. पण हा कर १९७५ साली लागला तो गावाकडच्या मजुराला हक्काचं काम मिळावं म्हणून. आणि ते काम हक्काचं असायला हवं, हा आग्रह धरणारा माणूस होता विठ्ठल सखाराम पागे.

पागेंचा जन्म २१ जुलै १९१० चा, सांगली जिल्ह्यातल्या बागणी गावचा. संस्कृत शिकले, मग कायदा. गांधीजींच्या चळवळीत तुरुंगवास झाला. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसमध्ये राहिले, पण पिंड सर्वोदयी कार्यकर्त्याचाच. महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, म्हणजे १९६० मध्ये, ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत सलग १८ वर्षं त्या खुर्चीवर होते.

सभापती म्हणजे मान मोठा, पण हातात खातं नाही, निधी नाही. सभागृहात उठून योजना मांडायचीही सोय नाही. तरीही राज्यातली सगळ्यात मोठी योजना याच माणसाच्या डोक्यातून निघाली.

पागेंना दिसत होतं ते साधं होतं. कोरडवाहू भागात शेतमजुराला वर्षभर काम नसतं. पेरणी, खुरपणी, काढणीला माणूस मिळत नाही आणि उन्हाळ्यात त्याच माणसाला कुणी विचारत नाही. त्याच उन्हाळ्यात गावात बांध घालायचे असतात, विहिरी खोदायच्या असतात, रस्ता करायचा असतो, पण त्यासाठी पैसे कुणाकडे नसतात. एकीकडे रिकामे हात, दुसरीकडे अडलेली कामं. मध्ये मजुरी देणारा कुणी नाही. मग तो सरकारने का होऊ नये?

असं सांगतात की पागेंनी हा हिशेब आधी घरीच करून पाहिला. सरकारने थोडी रक्कम दिली तर आपल्या शेतात किती मजुरांना किती दिवस काम देता येईल, असं त्यांनी पत्नीला विचारलं. उत्तर मिळालं, तसा त्यांनी गुणाकार गावाचा, मग राज्याचा केला आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना कळवला. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग सुरू झाला.

प्रयोग सुरू होता, चर्चा सुरू होती, आणि ७२ चा दुष्काळ आला.

दुष्काळात मजुरीचं नेमकं काय होतं, हे इथे बघायला पाहिजे. पाऊस नाही म्हणजे पेरणी नाही. पेरणी नाही तर खुरपणी नाही, काढणीही नाही. मजुराची मागणीच संपते. त्याच वेळी एरवी दुसऱ्यांना कामावर बोलावणारा पाच-सात एकरवाला शेतकरी स्वतःच काम शोधत बाहेर पडतो. म्हणजे काम देणारे घटले आणि मागणारे वाढले. अशा वेळी मजुरीचा दर पडतो आणि धान्याचा चढतो. गावात धान्य असलं तरी ते विकत घ्यायला खिशात काही नसतं.

सरकारने दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. सुकडी आणि लाल मिलो ही त्या पिढीची आठवण. हाल प्रचंड झाले, पण लोकांच्या हातात रोजची मजुरी पडत राहिली.

दुष्काळी कामं काही नवी नव्हती, इंग्रजांच्या काळापासून ती निघत होती. पण आधी सरकारने दुष्काळ जाहीर करायचा, मग कलेक्टरने काम काढायचं, आणि पाऊस पडला की बंद. मजुराने फक्त वाट बघायची. पागेंचं वेगळेपण इथे आहे. दुष्काळ असो-नसो, गावातल्या प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं की ते मिळालंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. गरीब कोण हे ठरवायला दाखलेही नकोत. भर उन्हात टिकाव मारायला गरज असलेलाच येतो.

पैशाचा प्रश्न १९७५ च्या व्यवसाय कराने सुटला. जोडीला मोटार वाहन कर, विक्रीकर, बागायती जमिनीवर जादा आकारणी होती, आणि जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपली घालायची. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुरीचा भार उचलायचा, असा हा सरळ व्यवहार. (शहरातल्या नोकरदाराला यातही स्वार्थ होताच. गावात काम मिळालं तर लोंढे मुंबईकडे येणार नाहीत, असा हिशेब होता.)

डिसेंबर १९७७ मध्ये कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाला. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते आणि परिषदेच्या खुर्चीत स्वतः पागे. २६ जानेवारी १९७९ पासून कायदा लागू झाला. मागणी केल्यावर १५ दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. खर्चाचा किमान ६० टक्के वाटा मजुरीवरच गेला पाहिजे, ही अट. वर्षातून किती दिवस काम द्यायचं यावर मर्यादाच नव्हती.

याचा परिणाम फक्त रोहयोच्या हजेरीपटावर मोजून भागत नाही. मजूर कामावर गेला नाही तरी ते काम आहे, एवढ्यानेही त्याची बाजू बळकट होते. शेतमालकाने फार कमी मजुरी सांगितली तर नको म्हणायची सोय झाली. बायकांना तर ही सोय विशेष होती, कारण गावात मजुरी मिळवण्याचे बाकीचे रस्ते त्यांना कमीच. रोहयोच्या कामांवर त्यांची संख्या कायम मोठी राहिली. मोठ्या शेतकऱ्यांची तक्रार ठरलेली, की रोहयोमुळे माणूस मिळत नाही. पण पाझर तलावाखालच्या विहिरींना पाणी वाढलं ते बहुतेक त्यांच्याच, म्हणून विरोध टोकाला गेला नाही. हंगामात शेतीच्या कामात अडथळा येऊ नये, याचीही काळजी घेतली जायची.

मोठी कसोटी १९८८ मध्ये लागली. शेतमजुरांचं किमान वेतन जवळपास दुप्पट झालं आणि रोहयोची मजुरी त्याला बांधलेली होती. मजुराच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट. पण दर वाढला की काम मागणारेही वाढतात, आणि सरकारचा पैसा त्या प्रमाणात वाढला नाही. मग कायद्याला हात न लावता कामंच कमी निघू लागली. पाऊसपाणी बरं असल्याने मागणी कमी झाली, असंही सांगण्यात आलं आणि त्यात काही तथ्य होतं. तरी अभ्यासकांनी आकडे तपासले तेव्हा काम हवं असूनही न मिळालेले लोक त्यांना दिसले. बेकारी भत्ता तर जवळपास कुणाच्याच हातात पडला नाही. कागदावर हमी तीच राहिली, पण काम कुठे आणि कधी काढायचं हे पुन्हा अधिकाऱ्याच्या टेबलावर ठरू लागलं. पागेंना नेमकं हेच बदलायचं होतं.

१६ मार्च १९९० रोजी पागे गेले. त्याच वर्षी रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली. सार्वजनिक कामांवरचा पैसा आता खाजगी बागांमध्येही जाऊ लागला. राज्यात डाळिंब, आंबा, काजू पसरले त्यात या योजनेचा मोठा हात आहे, पण ज्याच्याकडे जमीनच नाही त्याच्या वाट्याला त्यातून मजुरीपलीकडे काही येणं शक्य नव्हतं.

२००५ मध्ये केंद्राने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा समोर नमुना महाराष्ट्राचाच होता. एक फरक मात्र मोठा. केंद्राने एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. पागेंच्या कायद्यात दिवसांना मर्यादा नव्हती, त्यामुळे १०० च्या वरच्या दिवसांचा खर्च महाराष्ट्राने आपल्या तिजोरीतून करायचा, असं ठरलं.