वादळांचा पंचनामा करणारा शास्त्रज्ञ

अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा राज्यातील फार्गो शहरावर २० जून १९५७ रोजी सायंकाळी टोर्नेडो कोसळला. किमान १० जणांचा बळी गेला, शेकडो घरे जमीनदोस्त झाली. मात्र वादळ लांबून दिसू लागताच अनेक नागरिकांनी त्याची छायाचित्रे टिपली होती. शिकागो विद्यापीठातील एका जपानी संशोधकाने ती मिळवली आणि गर्जन्मेघाच्या तळाशी दिसणाऱ्या धोक्याच्या खुणांना प्रथमच नावे मिळाली. तेत्सुया फुजिता हे त्या संशोधकाचे नाव.

फुजिता यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२० रोजी जपानच्या क्यूशू बेटावर झाला. शिक्षण यंत्र अभियांत्रिकीचे. महायुद्धाच्या अखेरीस ते तोबाता येथील तंत्रमहाविद्यालयात शिकवीत होते. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब टाकण्यासाठी प्रथम निवडले गेलेले कोकुरा शहर तेथून जवळच होते. ढग व धुरामुळे वैमानिकांना लक्ष्य दिसले नाही आणि बॉम्ब नागासाकीवर पडला. काही आठवड्यांनी फुजिता तेथे पाहणीसाठी गेले. स्फोटबिंदूच्या चहूबाजूंना झाडे बाहेरच्या दिशेने आडवी झाली होती. हे चित्र पुढे ३० वर्षांनी त्यांच्या कामी आले.

१९४७ मध्ये डोंगरावरील एका वेधशाळेतून गडगडाटी वादळाचा अभ्यास करताना, ढगातून हवेचा प्रवाह खालीही उतरतो, असे त्यांना आढळले. याच विषयावर अमेरिकेत काम करणारे होरेस बायर्स यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. बायर्स यांचा अहवाल त्यांना अमेरिकी रडार केंद्राच्या कचऱ्यात सापडला होता, असे सांगतात. बायर्स यांच्याच निमंत्रणावरून ते १९५३ मध्ये शिकागोला गेले.

फार्गोच्या कामात त्यांची पद्धत पंचनामा करणाऱ्या तपास अधिकाऱ्यासारखी होती. शंभराहून अधिक छायाचित्रे गोळा करून प्रत्येक छायाचित्र कोठून व केव्हा घेतले, हे त्यांनी निश्चित केले. त्या मापांवरून ढगाचा आकार, उंची व फिरण्याचा वेग काढला. एकाच मातृमेघातून त्या दिवशी एकामागून एक पाच टोर्नेडो निर्माण झाल्याचे त्यांनी दाखवून दिले. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ‘वॉल क्लाउड’ म्हणजे भिंतीसारखा ढग आणि ‘टेल क्लाउड’ म्हणजे शेपटीसारखा ढग ही नावे आली.

गर्जन्मेघाच्या पाऊस नसलेल्या तळाचा एक भाग अचानक खाली उतरलेला दिसतो, तो भिंतीसारखा ढग. पावसाने थंड व दमट झालेली हवा वर ओढली जाताना तेथे कमी उंचीवरच बाष्पाचे ढगात रूपांतर होते. पावसाच्या बाजूने आडवी येऊन या भिंतीला मिळते ती शेपटी. वादळी हवेत खाली लोंबणारी ढगांची लक्तरे अनेकदा दिसतात. ती बहुधा निरुपद्रवी असतात. परंतु भिंत टिकून राहिली आणि स्वतःभोवती फिरू लागली, तर टोर्नेडोची शक्यता वाढते. तळघर गाठण्यासाठी हाती असलेली मोजकी मिनिटे या ओळखीवर अवलंबून असतात. वादळ निरीक्षकांना आजही प्रथम हेच पाहण्यास शिकवले जाते.

१९७१ मध्ये त्यांनी पडझडीवरून टोर्नेडोची तीव्रता ठरविणारी श्रेणी मांडली. तिची सुधारित आवृत्ती अमेरिकेत २००७ पासून वापरात आहे.

त्यांची खरी कसोटी लागली ती २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कला उतरणारे प्रवासी विमान गडगडाटी वादळात कोसळून ११३ जण मृत्युमुखी पडल्यावर. ढगातून वेगाने खाली येऊन जमिनीवर चहूकडे पसरणाऱ्या वाऱ्याने विमान पाडले, असा निष्कर्ष फुजिता यांनी काढला. नागासाकीतील झाडांसारखीच पडझड त्यांनी आदल्या वर्षीच्या वादळांनंतर विमानातून पाहिली होती. अनेक तज्ज्ञांनी तेव्हा त्यांचे म्हणणे मानले नाही. १९७८ मध्ये शिकागोजवळ डॉप्लर रडारने असे झोत टिपले आणि वाद ओसरला. पुढे अमेरिकेतील विमानतळांवर त्यासाठी खास रडार बसविण्यात आले.

‘मिस्टर टोर्नेडो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाने प्रत्यक्ष टोर्नेडो पाहिला तो वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, जून १९८२ मध्ये डेन्व्हरजवळ. १९ नोव्हेंबर १९९८ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. त्यांच्या भिंतीला व शेपटीला जागतिक हवामान संघटनेच्या मेघसंग्रहात ‘म्युरस’ आणि ‘कॉडा’ या लॅटिन नावांनी स्थान मिळाले, ते २०१७ मध्ये.