योगविद्येचे डोळस उपासक स्वामी कुवलयानंद

देवाधिदेव महादेवास योगीजन आदिनाथ म्हणून वंदन करतात. हठयोगाची परंपरा आपला उगम त्याच्याच ठायी मानते, आणि स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेचा आरंभही आदिनाथांच्या नमनाने होतो. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख लाभलेले अंबरनाथचे प्राचीन शिवालय पाहण्यास येणाऱ्या भाविकांना योगमार्गाविषयी जिज्ञासा असणे स्वाभाविक आहे. अंबरनाथ पूर्वेस उतरणाऱ्या यात्रेकरूंनी याच लोहमार्गाने कर्जतच्या पुढे बोरघाट चढून गेल्यास लोणावळे लागते. योगाचे तत्त्वज्ञान आणि योगाची क्रिया या दोहोंचा अभ्यास एकाच छताखाली व्हावा म्हणून ज्या महापुरुषाने तेथे आयुष्य वेचले, त्या स्वामी कुवलयानंदांचे हे संक्षिप्त चरित्र.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे. घरची परिस्थिती अत्यंत बेताची, त्यामुळे शिक्षणासाठी फार कष्ट सोसावे लागले. परंतु बुद्धी तल्लख होती. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतासाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. पुढे बडोद्याच्या महाविद्यालयातून १९१० साली ते पदवीधर झाले. श्री अरविंद त्या काळी बडोद्यास अध्यापन करून गेलेले, आणि लोकमान्यांच्या विचारांनी तरुण मने भारलेली. गुणे यांनी आजन्म ब्रह्मचर्याचे व देशसेवेचे व्रत घेतले ते याच वातावरणात. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्यापाशी १९०७ ते १९१० या काळात त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले.

त्यानंतर ते खानदेशात अमळनेरला आले. अमळनेर म्हणजे सखाराम महाराजांची पुण्यभूमी. श्रीमंत प्रताप शेठजींच्या औदार्याने १९१६ साली तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते. पुढे साने गुरुजीही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी तेथेच आले. खानदेश शिक्षण मंडळाच्या उभारणीत गुणे यांचा मोठा वाटा होता, आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. भारतीय संस्कृती हा त्यांचा अध्यापनाचा विषय. राष्ट्रीय वृत्तीच्या त्या महाविद्यालयावर सरकारची वक्रदृष्टी वळली व १९२३ साली ते बंद पडले. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या व्रतस्थ अध्यापकापुढे आता ना नोकरी होती ना संस्था.

तथापि पुढची वाट त्याआधीच दिसू लागली होती. १९१९ साली नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजी महाराजांचे दर्शन त्यांना घडले. मूळचे बंगालचे हे वयोवृद्ध योगी नर्मदाकाठी स्थायिक झाले होते. त्यांच्या चरणी बसून गुणे यांनी योगाची दीक्षा घेतली. गुरूंवर त्यांची निष्ठा अढळ होती. परंतु डोळे मिटून मानणे हा त्यांचा पिंड नव्हता. गुरुमुखाने लाभलेली विद्या खरी असेल तर ती कोणत्याही कसोटीस उतरेल, या विश्वासाने त्यांनी १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या रुग्णालयात आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने उड्डियान बंध व नौली यांचे क्ष-किरणांच्या आधारे परीक्षण केले. आज हे वाचताना काहीच वाटत नाही. पण शतकानुशतके एकांतात जपलेली साधना परक्या यंत्रापुढे मांडायची, आणि यंत्राने विपरीत कौल दिला तर तोही स्वीकारायचा, यास मोठे धैर्य लागते.

नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात वातावरणापेक्षा कमी दाब निर्माण होतो, आणि बस्तिक्रियेत पाणी वर ओढले जाते ते या पोकळीमुळे, असे त्यांना आढळले. त्या पोकळीस त्यांनी आपल्या गुरूंचेच नाव दिले. दुसरा अनुभव याहून बोलका आहे. प्राणायामाने शरीरास पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, हा समज त्या काळीही रूढ होता आणि योगाच्या प्रचारास तो सोयीचाही होता. स्वामीजींच्या निरीक्षणांनी त्यास पुष्टी मिळाली नाही. त्यांनी ते तसेच प्रसिद्ध केले. प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या मापात शोधू नये, अशी त्यांची भूमिका राहिली. स्वपक्षाची गैरसोय होईल असे सत्य छापणारे संपादक विरळाच.

१९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम आश्रमाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. आश्रमाच्या नावात संस्थापकाची दृष्टी आहे. पातंजल योगसूत्रांचे समाधी, साधन, विभूती व कैवल्य असे चार पाद आहेत. एकूण १९५ सूत्रांपैकी (काही पाठांत १९६) आसनांविषयी अवघी तीन आणि प्राणायामाविषयी पाच सूत्रे आहेत. उरलेले बहुतांश शास्त्र चित्ताचे आहे. त्याचा पाया सांख्यदर्शनाचा. पुरुष व प्रकृती यांची गल्लत हे दुःखाचे मूळ, आणि त्यांचा विवेक झाला की पुरुषाचे केवळपण, म्हणजेच कैवल्य. सांख्यांच्या पंचवीस तत्त्वांस योगदर्शनाने ईश्वराची जोड दिली, म्हणून भक्तासही या मार्गावर परके वाटत नाही. सिद्धींस मात्र पतंजलींनी समाधीतील विघ्नच मानले आहे. चमत्कार पाहण्यास आलेल्यांची कैवल्यधामात निराशा होत असे, ती यामुळेच. प्रयोगशाळेच्या शेजारीच स्वामीजींनी ग्रंथसंशोधनाचा विभाग चालविला. हस्तलिखितांचे पाठ ताडून शुद्ध आवृत्ती सिद्ध करण्याचे किचकट काम तेथे वर्षानुवर्षे चालले. शुक्ल यांच्यासह संपादिलेले गोरक्षशतक हे त्याचे एक फळ. आसन व प्राणायाम यांवरील त्यांचे ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाले.

कीर्ती पसरू लागली. १९२७ साली महात्मा गांधींनी रक्तदाबाच्या विकारासाठी पत्रद्वारे त्यांचा सल्ला घेतला. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे अभ्यासक बेहनन त्यांच्यापाशी योग शिकून गेले व १९३७ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

हे सारे दानशूरांच्या आश्रयावर उभे राहिले, याची नोंद दात्यांनी अवश्य घ्यावी. १९३२ साली सांताक्रूझ येथे मुंबईची शाखा निघाली. ती १९३६ साली चौपाटीजवळ सागरतीरी आली आणि ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र या नावाने ओळखली जाऊ लागली. अलिबागजवळील श्री कनकेश्वराच्या सान्निध्यात एक साधनाकेंद्र झाले. १९४३ साली राजकोटची शाखा, १९५१ साली गोवर्धनदास सेक्सरिया यांच्या नावाचे योग महाविद्यालय, १९६१ साली श्रीमती अमोलकदेवी तीरथराम गुप्ता यौगिक रुग्णालय, अशी ही मालिका वाढत गेली. दात्यांची नावे वास्तूंवर कोरली गेली. स्वामीजींनी स्वतःच्या नावे काहीच ठेवले नाही.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंदांचे देहावसान झाले. आश्रमाची धुरा त्यांचे शिष्य स्वामी दिगंबरजी यांनी सांभाळली. हठप्रदीपिकेची चिकित्सक आवृत्ती १९७० साली त्यांच्याच संपादनाखाली लोणावळ्याहून प्रकाशित झाली. योगमीमांसा आजही प्रसिद्ध होत असते.