चाकात मोटार बसवणारा माणूस

घाटंजीकडचा एक तिशीतला शेतकरी दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या ओपीडीत येतो. विहिरीचं काम चालू असताना तो वरून पडला, मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं अंग गेलं. पहिली दोन वर्षं त्याचा भाऊ त्याला उचलून आणायचा. मागच्या वेळी तो एकटाच आला, बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकीवर बसून. बाह्यरुग्ण विभागाच्या उतारावरून गाडी वर चढली, तेव्हा ना इंजिनाचा आवाज आला, ना साखळीचा. मी वाकून पाहिलं तर मोटारही कुठे दिसेना. चाकाच्या मधोमध ताटाएवढा जाड डबा होता आणि त्यातून वायर बाहेर आली होती. मोटार चाकातच होती.

चाकातली ही मोटार नवी आहे, असं आपल्याला वाटतं. बॅटरीवरच्या स्कूटर गेल्या काही वर्षांत यवतमाळच्या रस्त्यांवर दिसू लागल्या, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात ही कल्पना सव्वाशे वर्षांची आहे. ती यशस्वी करून दाखवणाऱ्या माणसाचं नाव आज वेगवान, महागड्या मोटारींवर झळकतं. तो म्हणजे फर्डिनांड पोर्शे.

पोर्शेचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी माफर्सडॉर्फ या गावचा. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील अँटन पत्र्याचं काम करणारे, कसबी आणि कडक कारागीर. थोरला मुलगा कामावरच्या अपघातात गेला, तेव्हा वडिलांचं दुकान चालवायची जबाबदारी फर्डिनांडवर आली. त्याचं मन मात्र विजेत होतं. गावात गिन्झकी नावाच्या कुटुंबाचा गालिचांचा कारखाना होता आणि तिथे विजेचे दिवे होते. मुलगा तिथे जाऊन यंत्रं पाहत बसायचा, घरी चोरून प्रयोग करायचा. वडिलांना हे थेर वाटत. दिवसा वडिलांच्या दुकानात पत्रा ठोकायचा आणि संध्याकाळी जवळच्या रायशेनबर्गच्या तांत्रिक शाळेत जायचं, असा त्याचा दिनक्रम होता. १८९३ मध्ये त्यानं स्वतःच्या घरात वीज आणून दिवे लावले. मग वडिलांचा विरोध मावळला आणि अठराव्या वर्षी तो व्हिएन्नाला बेला एगर यांच्या विद्युत कंपनीत दाखल झाला. तिथल्या तंत्र विद्यापीठात त्यानं कधी रीतसर प्रवेश घेतला नाही, संध्याकाळी जाऊन व्याख्यानं मात्र ऐकली. विद्यापीठाची पदवी त्यानं कधीच मिळवली नाही. पुढे आयुष्यभर नावामागे लागलेली डॉक्टर ही उपाधी सन्मानानं मिळालेली होती.

त्या काळी मोटारगाडीत इंजिनाची ताकद चाकापर्यंत न्यायला दातेरी चाकं, साखळ्या, पट्टे, दांडे असा मोठा पसारा लागे. त्यात बरीच ताकद वाया जाई, आवाज होई आणि रोज काहीतरी तुटे. पोर्शेनं सरळ प्रश्न केला : फिरवायचं चाक आहे, तर मोटार चाकातच का नको? नेहमीच्या मोटारीत बाहेरचं कवच स्थिर असतं आणि आतला दांडा फिरतो. घरच्या पाण्याच्या मोटारीत आपण हेच पाहतो. पोर्शेनं ते उलटं केलं. आतला भाग आसाला पक्का बसवला आणि बाहेरचा भाग चाकाबरोबर फिरता ठेवला. छताच्या पंख्यातही आतला भाग दांड्याला पक्का असतो आणि बाहेरचं कवच पात्यांसकट फिरतं. तो पंखा आडवा करून पात्यांच्या जागी टायर बसवला, तर चाकातली मोटार कशी असते याचा अंदाज येईल.

व्हिएन्नाच्या लोनर या घोडागाड्या बांधणाऱ्या जुन्या कंपनीनं या तरुणाला हाताशी धरलं. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लोनर-पोर्शे गाडी मांडली गेली, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. पुढच्या दोन्ही चाकांत प्रत्येकी साधारण अडीच अश्वशक्तीची मोटार, वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास आणि एका चार्जिंगमध्ये सुमारे ५० किलोमीटरचा पल्ला. दारव्ह्याहून यवतमाळ गाठायला तो पुरला असता, परतीसाठी पुन्हा चार्जिंग लागलं असतं. त्याच वर्षी एका इंग्रज गिऱ्हाइकासाठी त्यानं चारही चाकांत मोटारी असलेली गाडी बनवली. तिच्या शिशाच्या बॅटरीचंच वजन १८०० किलो होतं!

बॅटरीचं हे ओझं त्याला बोचत राहिलं. म्हणून त्यानं गाडीत लहान पेट्रोल इंजिन ठेवलं, इंजिनानं जनित्र फिरवलं, जनित्रानं वीज केली आणि त्या विजेवर चाकातल्या मोटारी चालवल्या. आज ज्याला आपण हायब्रिड म्हणतो ती कल्पना हीच. वणीच्या कोळसा पट्ट्यातल्या लोकांना खाणीतले डंपर नवे नाहीत. जगातल्या अनेक महाकाय डंपरमध्ये आजही डिझेल इंजिन वीज तयार करतं आणि मागच्या चाकांतल्या मोटारी ते धूड ओढतात. १९७१ मध्ये चंद्रावर माणसांनी चालवलेल्या पहिल्या गाडीच्या चारही चाकांत पाव-पाव अश्वशक्तीच्या मोटारी होत्या.

मग या मोटारी सगळ्या गाड्यांत का आल्या नाहीत? इथे डॉक्टर म्हणून मला रस आहे. गाडीचं वजन दोन प्रकारचं असतं. स्प्रिंग आणि शॉकअपच्या वरचं, म्हणजे सांगाडा, सीट आणि आपण. आणि त्यांच्या खालचं, म्हणजे चाक, टायर, ब्रेक. खड्डा आला की खालचं वजन आधी उसळतं. ते हलकं असेल तर स्प्रिंग त्याला सहज आवरते. ते जड असेल तर धक्का वर येतो. पोर्शेचं मोटार बसवलेलं एकेक चाक शंभर किलोच्या वर होतं. आजच्या मोटारी बऱ्याच हलक्या झाल्या आहेत, तरी तत्त्व बदललेलं नाही.

हा धक्का शेवटी मणक्यात जातो. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणाऱ्या कंपनाला सर्वांत जास्त साथ देतं. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की झोका वाढत जातो, तसंच हे. खराब रस्त्यावरच्या गाडीची कंपनं नेमकी याच पट्ट्यात येतात. वर्षानुवर्षं ट्रॅक्टर, ट्रक किंवा डंपर चालवणाऱ्यांमध्ये कंबरदुखी आणि मणक्याच्या चकतीचे त्रास जास्त आढळतात, ते याचमुळे. ज्यांना कमरेखाली संवेदनाच नाही, त्यांचा धोका वेगळा. त्यांना धक्का दुखत नाही, पण सीटवर घासून कातडी फाटते आणि शय्याव्रण होतो.

आता या कल्पनेची पुढची पायरीही आली आहे. चाकाचा मधला भाग, म्हणजे तुंबाच, काढून टाकायचा. चाक नुसतं कड्यासारखं पोकळ ठेवायचं आणि मोटार त्या कड्यातच बसवायची. फिनलंडच्या एका कंपनीच्या मोटारसायकलचं मागचं चाक असंच आरपार दिसतं. आरे नाहीत, तुंबा नाही. कड्याचा घेर मोठा, म्हणून ओढीला जोर चांगला मिळतो. पण तेवढं मोठं बेअरिंग धूळ आणि चिखलापासून जपावं लागतं, आणि चाकाचं वजन हा पोर्शेला पडलेला प्रश्न इथेही सुटलेला नाही. काळ्या मातीच्या आमच्या पांदण रस्त्यांवर त्या बेअरिंगची खरी परीक्षा होईल.

पोर्शेच्या आयुष्याचा एवढाच भाग सांगून थांबता आलं असतं, तर लेख गोड झाला असता. तसं करता येत नाही.

१९०६ मध्ये तो ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीत गेला. पहिल्या महायुद्धात त्याचीच कल्पना अवजड तोफा ओढायला वापरली गेली. पुढच्या गाडीत वीज तयार व्हायची आणि मागच्या गाड्यांच्या चाकांतल्या मोटारींना तारेनं पोहोचायची. १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठानं, जिथे तो विद्यार्थी म्हणून कधी दाखल झाला नव्हता, त्याला मानद डॉक्टरेट दिली. १९३१ मध्ये त्यानं स्टुटगार्टमध्ये स्वतःचं डिझाइन कार्यालय काढलं. भागीदारांपैकी अडॉल्फ रोझेनबर्गर ज्यू होता. १९३५ मध्ये त्याला आपला वाटा अल्प किमतीत सोडावा लागला आणि त्याच वर्षी काही काळ छळछावणीतही जावं लागलं.

हिटलरला सामान्य माणसाला परवडणारी स्वस्त मोटार हवी होती. १९३४ मध्ये ते काम पोर्शेला मिळालं आणि त्यातून फोक्सवॅगन जन्मली. १९३७ मध्ये तो नाझी पक्षाचा सदस्य झाला. तीन लाखांहून अधिक जर्मनांनी आठवड्याला पाच मार्क भरून त्या गाडीसाठी पैसे साठवले. युद्ध सुरू झालं आणि त्यांच्यापैकी एकालाही त्या योजनेतून गाडी मिळाली नाही. कारखान्यात लष्करी वाहनं बनू लागली. पोर्शेनं रणगाड्यासाठी पुन्हा इंजिन, जनित्र आणि विजेच्या मोटारी ही जुनी जोडणी वापरली. तो रणगाडा लष्करानं नाकारला. तयार झालेल्या सुमारे नव्वद सांगाड्यांचे रणगाडाभेदी तोफगाडे झाले. त्यांना त्याचंच नाव मिळालं : फर्डिनांड.

याच काळात फोक्सवॅगनच्या कारखान्यात परदेशांतून धरून आणलेले मजूर, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले कैदी राबत होते. युद्धाच्या अखेरीस कामगारांपैकी साधारण दोनतृतीयांश हेच होते. पोर्शे व्यवस्थापनात होता, कारखान्याचा कारभार त्याचा जावई पाहत होता. पोलंड आणि रशियाकडून आणलेल्या मजूर स्त्रियांना बाळ झालं की ते काढून घेऊन ऱ्युएन गावच्या बालगृहात ठेवलं जाई. आईनं कामावर जायचं. त्या बालगृहात घाण, अपुरं दूध, जुलाब आणि जंतुसंसर्ग होता. तिथे तीनशेहून अधिक बाळं दगावली. त्या बालगृहाची जबाबदारी कारखान्याच्या डॉक्टरवर होती. त्याचं नाव हान्स कर्बेल. ब्रिटिश लष्करी न्यायालयानं त्याला दोषी ठरवलं आणि १९४७ मध्ये फाशी दिली. पोर्शेवर त्या खटल्यात आरोप नव्हता.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोर्शेपेक्षा त्या डॉक्टरचा विचार जास्त वेळ करत बसलो. बाळाला जुलाब झाले तर काय करायचं, हे १९४४ मध्येही कुठल्याही डॉक्टरला ठाऊक होतं. स्वच्छता, पाणी, आईचं दूध. ज्ञान कमी पडलं नव्हतं. समोरचं बाळ कुणाचं आहे, हे आधी पाहिलं गेलं. पोर्शे राजकारणात रस नसलेला, फक्त यंत्रात रमणारा माणूस होता, असं त्याच्या बाजूनं सांगितलं जातं. असेलही. पण कारखान्यात कोण राबतंय हे न दिसण्याइतकी त्याची नजर अधू नव्हती. आठ तासांच्या ड्यूटीत दोनशे रुग्ण पाहताना आपलंही लक्ष फक्त कागदावर राहतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून ही गोष्ट मला परकी वाटत नाही.

युद्धानंतर, डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी पोर्शेला अटक केली. खटला न चालवताच जवळजवळ वीस महिने त्याला कैदेत ठेवलं. सत्तरी गाठलेल्या माणसाची प्रकृती तिथे ढासळली. ऑगस्ट १९४७ मध्ये मोठी रक्कम भरून त्याची सुटका झाली आणि पुढे तो निर्दोष ठरला. तोवर त्याच्या मुलानं पोर्शे नावाची पहिली गाडी बनवायला घेतली होती. नोव्हेंबर १९५० मध्ये पोर्शे पुन्हा फोक्सवॅगनचा कारखाना पाहून आला. त्यानंतर काही दिवसांतच त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्यातून तो उठला नाही. ३० जानेवारी १९५१ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, स्टुटगार्टमध्ये त्याचं निधन झालं.

घाटंजीच्या त्या शेतकऱ्याला यातलं काही माहीत नाही, असायची गरजही नाही. त्याला मी एवढंच सांगितलं, आणि अशी गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. टायरमधली हवा दर आठवड्याला तपासा. खराब रस्त्यावर वेग निम्मा करा. सीटवर चांगली जाड गादी घ्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन कंबर थोडी उचला. रात्री झोपताना आरसा धरून किंवा घरच्यांकडून पाठ, कुल्ले आणि टाचा बघून घ्या. कातडी लाल दिसली आणि दाब काढूनही लाली गेली नाही, तर जखम होण्याची वाट न पाहता दवाखान्यात या.

त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. आता शेतात काय करतोस, असं मी विचारलं. बांधापर्यंत तीनचाकीनं जातो, बसल्या जागेवरून वेचणीवर लक्ष ठेवतो, आणि कापूस विकायला भावाऐवजी स्वतः जातो, म्हणाला. मग एक कळ दाबली आणि आवाज न करता उतार उतरून गेला.