भूकंपाच्या खुणांतून पृथ्वीचे अंतरंग

१२ जून १८९७ रोजी सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास तेव्हाच्या आसाम प्रांतातील, म्हणजे आजच्या मेघालयातील, शिलाँगचे पठार हादरले. आठहून अधिक तीव्रतेच्या त्या भूकंपात शिलाँगमधील दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या आणि सुमारे दीड हजार माणसे मृत्युमुखी पडली. बरेच लोक त्या वेळी घराबाहेर होते, म्हणूनच प्राणहानी याहून वाढली नाही. या उत्पाताची शास्त्रीय नोंद केली ती रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी.

ओल्डहॅम यांचा जन्म ३१ जुलै १८५८ रोजी डब्लिन येथे झाला. भूकंपाचा अभ्यास त्यांच्याकडे वारशानेच आला होता. त्यांचे वडील थॉमस ओल्डहॅम हे भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे पहिले प्रमुख. १८६९ च्या काचार भूकंपावरील वडिलांचे अपुरे राहिलेले लेखन पुत्राने त्यांच्या पश्चात प्रसिद्ध केले. १८७९ मध्ये रिचर्ड स्वतः त्याच खात्यात दाखल झाले.

शिलाँगच्या पठारावर फिरून त्यांनी कोसळलेल्या भिंती, कलंडलेले स्तंभ आणि जमिनीतून उसळून बाहेर पडलेले धोंडे यांची बारकाईने नोंद केली. चेद्रांग नदीच्या खोऱ्यात जमीन एका बाजूस तब्बल ३५ फूट उचलली गेल्याचे त्यांना आढळले. १८९९ मध्ये त्यांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. या भूकंपानंतर त्या प्रदेशात लाकूड, बोरू आणि पत्रा यांची हलकी घरे रूढ झाली.

युरोपातील उपकरणांवर उमटलेल्या भूकंपांच्या आलेखांतून ओल्डहॅम यांनी प्राथमिक, दुय्यम आणि पृष्ठीय अशा तीन प्रकारच्या लहरी वेगळ्या ओळखल्या. १९०३ मध्ये ते सेवानिवृत्त होऊन इंग्लंडला परतले, पण संशोधन थांबले नाही. पृथ्वीच्या पोटातून दूरवर पोहोचणाऱ्या लहरींना अपेक्षेपेक्षा अधिक वेळ लागतो, यावरून पृथ्वीला निराळ्या द्रव्याचा गाभा असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी १९०६ मध्ये मांडला. जिथे मानवाला कधीही पोहोचता येणार नाही, तिथला हा पहिला भक्कम पुरावा होता.

१५ जुलै १९३६ रोजी वेल्समध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी इंगे लेहमन यांनी त्या गाभ्याच्या आतही आणखी एक गाभा असल्याचे दाखवून दिले. २००१ मध्ये संशोधकांनी शिलाँग पठाराच्या उत्तर कडेखाली दडलेला प्रस्तरभंग त्या भूकंपाचे उगमस्थान असल्याचे मांडले आणि त्याला नाव दिले ओल्डहॅम यांचेच.