इंदूरची लेक : डॉ. कमला सोहोनी

जीवरसायन शास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांचा जन्म १९११ साली आपल्या इंदूरला झाला, याचा आम्हां इंदूरकरांना सार्थ अभिमान आहे. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी.

मुंबईहून उत्तम गुणांनी पदवी मिळवूनही १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने केवळ मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. कमलाताई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष काम पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले आणि पुढे इतर मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला.

केंब्रिजमध्ये बटाट्यावर संशोधन करताना त्यांना पेशींच्या श्वसनाला लागणारे ‘सायटोक्रोम सी’ वनस्पतींतही असल्याचे आढळले. १९३९ साली त्या पीएच.डी. झाल्या. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी डाळी, नीरा अशा गरिबांना परवडणाऱ्या अन्नाचा अभ्यास केला. नीरेवरील कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

आज आपल्या मुली सहज प्रयोगशाळेत जातात. ते दार कोणी उघडले, हे त्यांना ठाऊक असावे, एवढीच आमची इच्छा.